दातांच्या तारेमागचा हट्टी माणूस

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली, जबाबदारीच्या पदावर काम करणारी माणसे दातांवर धातूची तार बसवून घेताना आता सर्रास दिसतात. एकेकाळी शाळकरी मुलांपुरता मानला जाणारा हा उपचार मोठ्यांनीही आपलासा केला आहे. मात्र तार बसण्याआधी प्रौढ रुग्णापुढे बहुतेक वेळा एक अवघड प्रश्न उभा राहतो. दातांची दाटी मोडण्यासाठी चार धडधाकट उपदाढा काढायच्या की नाहीत? लहान मुलाच्या बाबतीत वाढत्या जबड्याचा थोडाफार आधार असतो. मोठ्यांच्या बाबतीत तो नसतो, त्यामुळे प्रश्न अधिकच टोकदार होतो. कीड नसलेला, न दुखणारा दात काढू द्यायला मन सहजी तयार होत नाही.

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत त्यावरून मोठे वादंग माजले होते. त्यात एका बाजूचा आधारस्तंभ होता तो आजच्या तारेचा मूळ आराखडा आखणारा माणूस, एडवर्ड हार्टली अँगल. दंतव्यंगोपचाराचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ज्याची यंत्रणा जगाने स्वीकारली आणि जिच्यासाठी ती घडवली ती श्रद्धा मात्र बाजूला ठेवली, असा हा विलक्षण संशोधक होता.

१ जून १८५५ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या हेरिक या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात अँगल यांचा जन्म झाला. पुस्तकांपेक्षा हत्यारांत रमणारा हा मुलगा फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीतून १८७८ मध्ये दंतवैद्य होऊन बाहेर पडला. टोवांडा या गावी त्यांनी व्यवसाय सुरू केला, पण प्रकृतीने साथ दिली नाही. छातीच्या विकाराने बेजार झालेल्या अँगल यांनी पश्चिमेची वाट धरली. १८८० च्या दशकाच्या आरंभी दंतवैद्यकीला रामराम ठोकून त्यांनी भावासह मोंटानात मेंढपाळीचा घाट घातला. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्याने मेंढरे गारठून मेली आणि गाठीचा पैसाही गेला. ती मेंढरे जगली असती तर दातांच्या तारेचा इतिहास बहुधा वेगळ्याच माणसाच्या नावाने लिहिला गेला असता. अँगल मिनियापोलिसला आले आणि निमूटपणे पुन्हा खुर्चीपाशी उभे राहिले.

दात सरकवण्याची विद्या तेव्हा अगदीच नवी होती असे नाही. अठराव्या शतकात फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दातांना धातूची पट्टी बांधून ते रांगेत आणण्याची पद्धत वर्णिली होती. अमेरिकेत नॉर्मन किंग्जले यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १८८० मध्ये आला होता. पण ज्याला जे सुचेल ते त्याने करावे, अशी एकंदर स्थिती होती. कोणी स्क्रू वापरी, कोणी रबर, कोणी रेशमी दोरा. प्रत्येक रुग्णासाठी नवे साधन घडवावे लागे. मुख्य म्हणजे दात नेमके कुठे न्यायचे, याविषयीच एकवाक्यता नव्हती. पुढचे दात दिसायला सरळ झाले की काम संपले, असे मानले जाई. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, इकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

अँगल यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी आपली साधने मांडली. कौतुकाच्या जोडीला ही कल्पना आधी कोणाची, यावरून वाद पदरी आला, आणि वाद पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडणार नव्हते. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाची पहिली, छोटेखानी आवृत्ती निघाली. तयार, मोजक्या आणि ठरावीक भागांतून कोणाही रुग्णासाठी साधन जुळवता यावे, हा त्यांचा आग्रह होता. या भागांची त्यांनी पेटंटे घेतली. वैद्यकीत पेटंट घेणे शिष्टसंमत नव्हते, त्यामुळे टीकाही झाली. १८९२ मध्ये त्यांनी दात भरणे, काढणे, कवळ्या करणे असे सर्व काम बंद केले आणि फक्त वेडेवाकडे दात सरळ करण्याचा व्यवसाय पत्करला. एवढ्या एका कामावर पोट भरेल, यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसला नसता.

१८९९ मध्ये डेंटल कॉसमॉस या नियतकालिकात त्यांनी जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, ते आजही जगभर दंतवैद्यांच्या नोंदींत दिसते. त्याची कल्पना थक्क करणारी साधी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पहिली कायमची दाढ ही खूण धरायची आणि खालची दाढ तिच्या तुलनेत कुठे बसते ते पाहायचे. दोघींचा मेळ योग्य, पण इतर दात वेडेवाकडे, तो पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिलेली, म्हणजे बहुधा वरचे दात पुढे आलेले, तो दुसरा. खालची दाढ पुढे सरकलेली, तो तिसरा. मुंबईच्या एखाद्या दंत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापासून ब्राझीलच्या तज्ज्ञापर्यंत सगळे आज याच भाषेत बोलतात.

पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, सेंट लुइस येथे अँगल यांनी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठांत या विषयाला चार तासही मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वैद्यकाच्या जोडीला तिथे कलाही शिकवली जाई. एडमंड वुर्पेल हे चित्रकार चेहऱ्याच्या सौंदर्यावर व्याख्याने देत. अपोलो बेल्व्हेडिअरच्या ग्रीक धाटणीच्या पुतळ्याचा चेहरा हाच आदर्श, अशी अँगल यांची समजूत होती. सर्व माणसांना एकच चेहरा आदर्श म्हणून लावता येणार नाही, हे वुर्पेल यांनी त्यांना पटवले. अँगल यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खास त्यांचा होता. निसर्गाने दिलेले सर्व दात जागच्या जागी बसवले की त्या माणसाचा चेहरा आपोआप त्याच्यापुरता सर्वोत्तम होतो, असे ते मानू लागले.

त्यांच्या मताला पूर्ण कलाटणी मिळाली ती इथे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रसंगी दात काढण्याला त्यांनी मुभा दिली होती. १९०७ च्या सातव्या आवृत्तीत ती मुभा गेली. जर्मन वैद्य युलियस वोल्फ यांनी हाड भारानुसार आपली रचना बदलते, असे दाखवले होते. मग दात योग्य जागी आणले, चावण्याचा भार नीट पडू लागला, की त्यांच्याभोवती हाड वाढलेच पाहिजे, असा अँगल यांचा तर्क होता. ओल्ड ग्लोरी या नावाने ओळखली जाणारी, सर्व दात बिनचूक बसलेली एक मानवी कवटी त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेवली. दात काढणे हा त्यांच्या लेखी निसर्गाचा अवमान ठरला.

शिकागोचे कॅल्विन केस हे तितकेच नाणावलेले तज्ज्ञ. काही रुग्णांत दात काढल्याशिवाय चेहरा चांगला होत नाही आणि सरळ केलेले दात टिकतही नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये नॅशनल डेंटल असोसिएशनसमोर हा वाद रंगला. अँगल यांचा पक्ष त्यांचे शिष्य मार्टिन ड्युई यांनी मांडला. पुराव्याच्या दृष्टीने केस यांची बाजू कमकुवत नव्हती. तरीही सरशी अँगल यांची झाली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेत तार लावण्यासाठी दात काढणे जवळजवळ निषिद्ध ठरले. शास्त्रातला वाद कधीकधी पुराव्यापेक्षा दराऱ्याने जिंकला जातो, त्याचे हे ठळक उदाहरण.

आणि दरारा होताच. दंतव्यंगोपचार तज्ज्ञांच्या पहिल्या अमेरिकी संघटनेचे ते पहिले अध्यक्ष, पण मतभेद होताच तिच्याकडेही त्यांनी पाठ फिरवली. मतापासून तसूभर ढळणाऱ्या शिष्याशी संबंध तोडायला त्यांना वेळ लागत नसे. पहिला संसार टिकला नाही. १९०८ मध्ये त्यांनी अ‍ॅना हॉपकिन्स यांच्याशी विवाह केला. त्यांच्या चिटणीस म्हणून काम करणाऱ्या अ‍ॅना यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली होती. हस्तलिखिते, पत्रव्यवहार, शाळा आणि पतीचा स्वभाव हे सारे त्यांनी सांभाळले. शिष्यवर्ग त्यांना मदर अँगल म्हणत असे.

एकही दात काढायचा नाही, असे ठरवल्यावर प्रत्येक दात मुळासकट हव्या त्या जागी नेणारे साधन हवे होते. अँगल यांची पुढची वीस वर्षे त्या शोधात गेली. त्यांच्या पहिल्या कमानीत जाड तार दाढांना अडकवून बाकीचे दात तिच्याकडे बांधून ओढले जात. दात कलत, पण मूळ मागेच राही. म्हणून १९१० च्या सुमारास त्यांनी प्रत्येक दातावर छोटी नळी आणि तारेवर तिच्यात बसणारी खुंटी अशी रचना केली. ती इतकी नाजूक होती की स्वतः अँगल आणि त्यांचा एखादा शिष्य सोडल्यास ती कोणाला साधली नाही, असे सांगतात. मग १९१५ च्या सुमारास फितीसारख्या चपट्या तारेची कमान आली. ती सोपी होती, तरी मुळांवर पुरता ताबा मिळेना.

तोवर अँगल कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथे स्थायिक झाले होते. तिथे त्यांनी १९२२ मध्ये पुन्हा महाविद्यालय उभारले. वय सत्तरीकडे झुकले होते. १९२५ मध्ये त्यांनी जे साधन पुढे आणले त्याला एजवाइज म्हणतात. त्यातला बदल सांगायला क्षुल्लक वाटेल. दातावरच्या ब्रॅकेटची खाच त्यांनी आडवी केली, तिचे तोंड ओठाकडे वळवले आणि चौकोनी छेदाची तार नव्वद अंशांत फिरवून कडेने आत सरकवली. गोल तार गोल नळीत नुसती फिरते. चौकोनी तार चौकोनी खाचेत घट्ट बसते, आणि तिला पीळ दिला की तो पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोहोचतो. दात आत-बाहेर, वर-खाली, डावी-उजवीकडे, तिन्ही दिशांनी हलवणे एकाच साधनात शक्य झाले. खाचेचे माप ठरले ०.०२२ इंच रुंद आणि ०.०२८ इंच खोल, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. १९२८ पासून डेंटल कॉसमॉसमध्ये त्यांनी या साधनाचे सविस्तर वर्णन केले. ११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले.

या अखेरच्या काळात त्यांच्या सर्वांत निकट होता चार्ल्स ट्वीड हा तरुण. एजवाइजवरचे लेखन सिद्ध करण्यात त्याने गुरूला साथ दिली. पुढे अ‍ॅरिझोनात त्याने व्यवसाय थाटला आणि गुरूचा शब्द प्रमाण मानून एकही दात न काढता काही वर्षे उपचार केले. मग त्याने स्वतःचेच रुग्ण तपासले, आणि चित्र निराशाजनक निघाले. अनेकांचे ओठ पुढे आले होते, दात पुन्हा वाकडे झाले होते. ट्वीड यांनी अशा रुग्णांना परत बोलावले, चार उपदाढा काढून त्यांच्यावर विनामूल्य फेरउपचार केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांच्या नोंदी आणि साचे व्यावसायिकांपुढे मांडले. अ‍ॅना अँगल यांना ही वाट मुळीच रुचली नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात पॅसाडेनाचाच दुसरा विद्यार्थी रेमंड बेग स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला होता. त्याची हलक्या तारेची पद्धत पुढे भारतातल्या दंत महाविद्यालयांतही बरीच वर्षे शिकवली गेली. ट्वीड यांचा दीर्घ लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला तो अँगल यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या द अँगल ऑर्थोडोंटिस्ट या नियतकालिकात!

लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. काही दशके दात काढणे इतके रुळले की त्याचाही अतिरेक झाला, आणि पुन्हा माघार सुरू झाली. आज तज्ज्ञ दोन्ही टोके टाळतात. दाटी किती, ओठांची ठेवण कशी, हिरड्या आणि हाड किती मजबूत, हे क्ष-किरण चित्रे आणि साच्यांवरून मोजून प्रत्येक रुग्णापुरता निर्णय होतो.

प्रौढांच्या बाबतीत हे मोजमाप अधिक काटेकोर असावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी सोळा वर्षांनंतर दातांची ठेवण कायमची बदलता येत नाही, असे मानणारे तज्ज्ञ होते. किंग्जले यांनी मात्र त्यापूर्वीच वयाची ठाम मर्यादा नाकारली होती, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. मंद, सततच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते. ही क्रिया विसाव्या वर्षी थांबत नाही, पन्नाशीतही चालते. तिला वेग घ्यायला थोडा अधिक वेळ लागतो एवढेच. त्या अर्थाने हाडावरचा अँगल यांचा विश्वास अगदीच निराधार नव्हता. चूक झाली ती मर्यादा न मानण्यात. दात बाहेर रेटले म्हणून हाड त्यांच्यामागे हवे तितके वाढत जात नाही. प्रौढाच्या पातळ हाडात असे रेटणे म्हणजे हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडण्याला आमंत्रण. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. जबड्यातच मोठा दोष असेल तर नुसती तार पुरत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आणि तार निघाल्यावर रिटेनर दीर्घकाळ वापरावा लागतो, कारण दातांची ओढ जुन्या जागेकडेच असते.

साधनही बदलत गेले. सोन्याच्या महागड्या तारांची जागा पोलादाने घेतली. प्रत्येक दाताला धातूचे कडे घालावे लागे, ते १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या कवचाला आम्ल लावून त्यावर द्रव्य चिकटवण्याची रीत दाखवल्यानंतर यथावकाश गेले, आणि इवलासा ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागला. तोंडभर कडी मिरवायला न धजणारा मोठा माणूस खुर्चीत येऊन बसला तो त्यानंतरच. १९७० च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी तारेत द्यावा लागणारा पीळ ब्रॅकेटमध्येच घडवून टाकला. नव्या मिश्रधातूंनी ताण हलका केला.

खाच मात्र अजून चौकोनीच आहे. जगातल्या बहुसंख्य ब्रॅकेटमध्ये ती दोनच मापांत मिळते, आणि त्यांतले एक आहे पॅसाडेनात सत्तरीच्या उंबरठ्यावर अँगल यांनी ठरवलेले ०.०२२ इंच.