रोपणानंतरची राखण

मूत्रपिंडरोपणाचे श्रेय आपण शस्त्रक्रियेला देतो. परंतु शस्त्रक्रिया काही तासांत संपते आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. त्या कसोटीस उतरण्याचे साधन ज्यांनी दिले, त्या गर्ट्रूड एलियन यांचे चरित्र पुण्यासारख्या विद्यानगरीने अवश्य ध्यानात ठेवावे.

एलियन यांचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये, एका स्थलांतरित कुटुंबात झाला. १९२९ च्या शेअर बाजारातील घसरणीत वडिलांची पुंजी बुडाली. हंटर कॉलेजात शिक्षण मोफत होते, म्हणूनच त्या १९३७ मध्ये पदवीधर होऊ शकल्या. स्त्री म्हणून प्रयोगशाळांची दारे बंद होती. तेव्हा शाळेत शिकवून त्यांनी १९४१ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केले. १९४४ मध्ये त्या बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाल्या. नोकरीसाठी पीएच.डी.वर पाणी सोडावे लागले.

तेथेच १९५७ मध्ये अझाथायोप्रिन तयार झाले. परक्या मूत्रपिंडावर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती त्याने आवरली आणि १९६२ पासून नात्याबाहेरील दात्याचे मूत्रपिंडही टिकू लागले. पण पहारेकरी निजविला की चोराचेही फावते. निरोगी शरीरात निद्रिस्त राहणारे नागीण, सायटोमेगॅलो यांसारखे विषाणू अशा रुग्णात उसळतात आणि मूत्रपिंडासह प्राणही धोक्यात येतो.

त्यावरील उपायही एलियन यांच्याच गटाने पुढे आणला. १९७७ मध्ये जगापुढे आलेले असायक्लोव्हिर मुख्यतः विषाणूग्रस्त पेशीतच जागे होते. निरोगी पेशींना फारसा उपद्रव देत नाही. १९८८ मध्ये एलियन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ६१६ मूत्रपिंडरोपित रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी सायटोमेगॅलोची लागण नव्हती, पण दात्याला होती, अशा रुग्णांत असायक्लोव्हिरच्याच सुधारित रूपाने, म्हणजे व्हॅलासायक्लोव्हिरने, पहिल्या ९० दिवसांतील रोगाचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले.

या चरित्रातून अर्थव्यवहाराचा एक धडा मिळतो. मोफत शिक्षणावर समाजाने केलेला खर्च असा शतपटीने परत येतो. दुसरे असे की, शस्त्रक्रियेसाठी देणग्या देणारे हात पुढच्या गोळ्यांच्या वेळी आखडता कामा नयेत. पेरणीला साह्य करून राखणीकडे पाठ फिरविणे, यात काटकसर नाही. तो अपव्ययच होय.