बाळू पालवणकर

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे बालपण पुण्यात गेलं. पहिली नोकरी पारशी क्रिकेट क्लबात: झाडणं, पिच रोल करणं, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये. तिथे ग्रेग नावाच्या फलंदाजाला ते नेटमध्ये तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही. आमच्या अरेरा कॉलोनीतल्या गल्लीतही ज्याची बॅट त्याची बॅटिंग आधी; तेव्हा तर बॅट साहेबांचीच होती!

ग्रेगला सतावणारा हा बोलर पुण्याच्या हिंदू क्लबाला हवा होता, पण त्याची जात नको होती. शेवटी घेतलं. मैदानावर तोच बॉल सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि चहा मातीच्या भांड्यात. मला यातलं कोडं सुटत नाही. बॉल विटाळत नाही आणि कप विटाळतो, हे ठरवायचं कोणी?

१८९६ च्या सुमारास ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेव्हा टीमच धर्मावर असायच्या. (आम्हा ख्रिश्चनांना १९३७ मध्ये जागा मिळाली, तीसुद्धा ‘दि रेस्ट’ म्हणजे ‘उरलेले’ या नावाने. विजय हजारे त्यातूनच खेळले.) १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या आठ विकेट. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ विकेट काढल्या.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं आणि कर्णधार निवडताना त्यांच्या भावांनाही डावललं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी तेव्हा जाहीरपणे माघार घेतली. त्या भांडणाला फळ आलं: १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले.

पुढचा भाग मला सगळ्यात अवघड जातो. आपल्या मध्य प्रदेशातल्या महूला जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचं फार कौतुक होतं. पण पुणे कराराच्या वेळी, १९३२ मध्ये, बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. ज्यांनी मातीच्या भांड्यात चहा दिला, त्यांच्यासोबत राहूनच बदल होईल असं बाळूंना वाटत असावं. पटत नाही, पण त्यांना भित्रंही म्हणवत नाही. भावाला कर्णधार झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

४ जुलै १९५५ ला मुंबईत ते वारले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ विकेट.