महिना चार रुपयांवर पीच राखणारे बाळू पालवणकर इंग्लंडमध्ये ११४ विकेट्स घेऊन आले

गोष्ट १८९२ च्या आसपासची. पुण्यातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये एक तरुण कामाला लागला. पगार महिना चार रुपये. काम काय, तर पीचवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, टेनिस कोर्टवर चुन्याच्या रेघा मारायच्या. साहेबांना प्रॅक्टिस हवी असेल तर बॉल टाकायचा.

हे बाळू पालवणकर. जन्म धारवाडचा, समाज चर्मकार, वडील लष्करात नोकरीला. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरीही मैदानावरचीच, एका पारशी क्लबात, तीन रुपये पगाराची.

पुण्याच्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा बॅट्समन होता. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमधला त्या काळचा सगळ्यात भारी म्हणावा असा. तो बाकीच्यांच्या आधी येऊन तासभर बाळूंची बॉलिंग खेळायचा. बाळूंनी आऊट केलं की तो दर खेपेला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. म्हणजे आठ वेळा ग्रेगची विकेट काढली की महिन्याचा पगार वसूल. या तासांमधून बाळूंची डावखुरी स्पिन तयार झाली. बॅटिंग मात्र त्यांना कुणी दिली नाही. बॅट साहेबांच्या हातात, बॉल नोकराच्या.

त्याच काळात तिकडे इंग्लंडात वेगळाच वाद पेटला होता. रग्बी खेळण्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या गिरणी आणि खाण कामगारांना बुडालेली मजुरी द्यायची की नाही? यावरून १८९५ मध्ये रग्बीचे दोन तुकडे पडले आणि रग्बी लीगचा जन्म झाला. हौशी साहेब वेगळा आणि पैसे घेऊन खेळणारा वेगळा, ही रेघ तिकडेही होतीच. इकडे तिच्यावर जातीची आणखी एक रेघ होती.

पुण्यातल्या हिंदूंना गोऱ्यांच्या टीमला हरवायचं होतं, पण बाळूंना टीममध्ये घ्यायचं का यावर घोळ झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवायला पानही वेगळं. विकेट्स मात्र सगळ्यांच्या नावावर.

१८९६ मध्ये बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही काही सभासदांनी नाकं मुरडली. पण १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन टीमला १०९ रन्सनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट्स होत्या. टीममध्ये शिवरामही होते. पुढे धाकटे गणपत आणि विठ्ठलही हिंदूंच्या टीममध्ये आले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. टीमने सपाटून मार खाल्ला. पण पस्तिशीला आलेल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने सगळ्या मॅचेस मिळून ११४ विकेट्स काढल्या, सरासरी १८.८४. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचा त्यात पुढाकार होता, असं सांगितलं जातं.

एवढं होऊनही एक गोष्ट बाळूंना मिळाली नाही, हिंदूंच्या टीमची कप्तानी. वर्षानुवर्षं विषय निघायचा आणि दरवर्षी दुसराच कुणीतरी कप्तान व्हायचा. १९२० मध्ये तर कप्तान एम. डी. पै आजारी पडले, कप्तानी दि. ब. देवधरांकडे गेली आणि बाळूंना टीममधूनच वगळलं. मग विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला. बोंबाबोंब झाली. पुढच्या मॅचला पै परतले, बाळू उपकप्तान झाले. त्या मॅचमध्ये पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरती टीम बाळूंच्या हातात आली. तेव्हा बाळू चाळिशी ओलांडून गेले होते. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन नाचवलं.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, पण स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या विरोधी बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. ज्या तरुणाने एकेकाळी त्यांच्या सत्काराला पुढाकार घेतला असं म्हणतात, त्याच्याशीच लढत. काँग्रेसने असा उमेदवार का निवडला हे समजायला फार डोकं लावावं लागत नाही. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले.

फर्स्ट क्लास कारकिर्दीत त्यांच्या नावावर ३३ मॅचेसमध्ये १७९ विकेट्स आहेत, सरासरी १५.२१. भारताने पहिली टेस्ट खेळली ती १९३२ मध्ये, तोवर त्यांचं खेळणं कधीच थांबलं होतं. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.