उजेडाचा हिशेब मांडणारे बुगेर
रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावताना मला पिएर बुगेर आठवतात. १६९८ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्या बुगेर यांना वडील वारल्यावर, मिसरूड फुटण्याच्या वयातच, त्यांच्या जागी नौकानयनाचे शास्त्र शिकवावे लागले. प्रत्येक सारखा थर उजेडाचा सारखाच हिस्सा अडवतो, हे त्यांनी १७२९ मध्ये मांडले. एका थरातून निम्मा उजेड आला, तर दोन थरांतून पाव. पुढे पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी त्यांनी अँडीज पर्वतात वर्षे घालवली. १७५८ मध्ये ते वारले. नियमाला मात्र लॅम्बर्ट यांचे नाव चिकटले. आज विमानातून लेसर सोडून पानांचा दाटपणा मोजतात आणि रानातल्या रोपांना किती ऊन मिळते, ते याच नियमाने काढतात. बोटातले रक्त असो वा झाडांची पाने, हिशेब एकच!