पेनफिल्ड आणि हरवलेली स्मृती

रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद म्हणून डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांची ख्याती आहे. अपस्माराचा झटका जिथून उठतो ती जागा विजेच्या सौम्य स्पर्शाने हुडकायची, वाचा व हालचालींची केंद्रे सांभाळायची आणि सदोष भाग तेवढा काढायचा, ही त्यांची रीत. मात्र त्या भागाबरोबर माणसाच्या बुद्धीतले काय जाते, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्याची सुरुवात घरातच झाली होती.

अमेरिकेतील स्पोकेन येथे २६ जानेवारी १८९१ रोजी जन्मलेले पेनफिल्ड ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्या हाताखाली शिकले आणि १९२८ मध्ये कॅनडातील माँट्रियलला आले. त्याच वर्षी थोरली बहीण रूथ हिच्या मेंदूच्या उजव्या अग्रखंडात मोठी गाठ आढळली. सख्ख्या भावानेच शस्त्र हाती घ्यावे काय, याविषयी दुमत होऊ शकते. पेनफिल्ड यांनी ते घेतले. रूथ वाचली. बोलणे, वागणे पूर्वीसारखेच होते. सव्वा वर्षाने तिने भावाला जेवायला बोलावले. पाहुणा एक, घरची माणसे चार. जेवणाची वेळ झाली तेव्हा सामान सगळे समोर होते, एकदोन पदार्थ चुलीवर होते. पण मांस शिजायला घातलेलेच नव्हते आणि ती गोंधळून, रडकुंडीला येऊन उभी होती. कशामागून काय करायचे, याची जुळणीच तिला जमेना. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि ती गेली. हे निरीक्षण पेनफिल्ड यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले.

१९३४ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्यांची माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९५० मध्ये तेथे ब्रेंडा मिलनर ही तरुण मानसशास्त्रज्ञ आली. गोष्ट ऐकवून काही वेळाने परत सांगायला लावणे, चित्रे दाखवून ओळखायला लावणे, अशा साध्या दिसणाऱ्या चाचण्या ती घेई. डाव्या कानशिलाकडील भाग काढलेल्या एका इंजिनिअरची बुद्धी या चाचण्यांत शाबूत निघाली. पण नवे काहीही त्याच्या ध्यानात राहत नव्हते. एकाच बाजूच्या शस्त्रक्रियेने असे का व्हावे? दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच निकामी असावा, असा तर्क दोघांनी केला व १९५५ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला. तो वाचून हार्टफर्डचे डॉ. स्कोव्हिल यांनी पेनफिल्ड यांच्याशी संपर्क साधला. दोन्ही बाजूंचा हा भाग काढल्यावर स्मृती गमावलेला त्यांचा रुग्ण पुढे एच. एम. या आद्याक्षरांनी जगप्रसिद्ध झाला.

त्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वीच स्मृती तपासण्याला महत्त्व आले. एका बाजूच्या रोहिणीत औषध देऊन मेंदूचा अर्धा भाग काही मिनिटे निजवायचा आणि उरलेल्या अर्ध्याला किती आठवते ते पाहायचे, ही वाडा यांची कसोटी माँट्रियलमध्ये स्मृतीसाठीही वापरली जाऊ लागली. शस्त्रक्रिया कोणावर करू नये, हे आता आधी कळू शकत होते. त्या इंजिनिअरला मात्र याचा उपयोग नव्हता.

तो मरण पावल्यावर शवविच्छेदन झाले. ज्या उजव्या बाजूला कोणी हातही लावला नव्हता, तेथील हिप्पोकॅम्पस जुन्या इजेने आकसलेला आढळला. हा वृत्तांत पेनफिल्ड यांनी सहकाऱ्यासह १९७४ मध्ये छापला. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. ५ एप्रिल १९७६ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचे निधन झाले.