लक्ष्मणरावांचा नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरात पोथ्यापुस्तकांचे वातावरण होते. परंतु या मुलाचे मन शाळेच्या पाठांतरात रमत नसे. चित्रे काढावीत आणि एखादे यंत्र दिसले की ते कसे चालते हे न्याहाळत बसावे, हे त्याचे दोन छंद. असल्या छंदांनी पोट कसे भरणार, ही वडिलांची चिंता काही अनाठायी नव्हती. तथापि थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाची तजवीज केली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नसे. चित्रकाराला रंगच नीट दिसत नसतील, तर त्याने करावे काय? लक्ष्मणरावांनी कुंचला खाली ठेवला. पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंग लागत नाहीत. तेथे हवी अचूक रेघ, नेमके माप आणि वस्तूची आतली रचना ओळखणारी दृष्टी. या गुणांवर त्यांना भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यांत्रिक रेखाचित्रे शिकवण्याचे काम मिळाले.

कागदावर यंत्र काढणारा माणूस तेवढ्यावर थांबला असता, तर त्याचे चरित्र येथेच संपले असते. लक्ष्मणराव मात्र फावल्या वेळात शाळेच्या कर्मशाळेत जाऊन उभे राहत. लेथवर लोखंड कसे कापले जाते, चाक आसावर कसे बसते, सांधा कोठे मजबूत लागतो, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतले.

त्या काळी ठिणग्यांचा वर्षाव करीत लोखंड जोडणारे वेल्डिंग आपल्याकडे सर्रास पाहावयास मिळत नव्हते. भात्याच्या भट्टीत दोन तुकडे पांढरेशुभ्र होईतो तापवायचे आणि घणाचे घाव घालून एकजीव करायचे, ही लोहाराची रीत. नाहीतर भोके पाडून रिव्हेट ठोकायचे, किंवा लोखंड वितळवून साच्यात ओतायचे. सायकलची चौकट याहून वेगळी. तिच्या पोकळ नळ्या पितळेच्या रसाने सांधलेल्या असत. ही सायकलही लक्ष्मणरावांच्या आयुष्यात लवकरच आली. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत; रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत.

तंत्रशाळेत हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला. १८९७ च्या सुमारास ते बेळगावी परतले. सायकली दुसऱ्याने बनवायच्या आणि आपण विकायच्या, यात त्यांना समाधान नव्हते. काही यंत्रे जमवून त्यांनी छोटासा कारखाना उभारला. अमेरिकेतील शेतीच्या अवजारांविषयीची पुस्तके ते वाचीत आणि चित्रांवरून रचना समजून घेत. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. नंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

आपल्याकडचा जुना नांगर लाकडाचा. गावचा सुतार तो घडवी आणि लोहार त्याला फाळ बसवी. तो माती उकरी. परंतु उलथवीत नसे. त्यामुळे हरळीची मुळे जागच्या जागी राहत. लोखंडी नांगराच्या वाकड्या पात्यामुळे मातीचे ढेकूळ कापले जाऊन पालथे पडते, तणे मरतात आणि खालची माती उन्हात येते.

नांगर तयार झाला खरा. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! या शेतकऱ्यांना भोळे म्हणून हसणे सोपे आहे. ज्याचे वर्षाचे अन्न त्या एका शेतात पिकते, त्याने अनोळखी अवजाराला भ्यावे, यात नवल नाही. सुतार-लोहारांना तो धान्याचे बलुते देई. या नांगराला मात्र रोख पैसे मोजावे लागत.

शिवाय आरंभीच्या नांगरांत खरोखरीचा एक दोष होता. फाळाचे टोक पुरेसे कठीण नसल्याने ते लवकर झिजे. लक्ष्मणरावांनी ही तक्रार झटकून टाकली नाही. कठीण लोखंडाचा ते शोध घेत राहिले. फाळ कठीण हवा. पण ठिसूळही नको, ही सर्वच ओतकाम करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी. त्यावर एक उपाय असा: वाळूच्या साच्यात टोकाच्या जागी लोखंडाचा तुकडा बसवतात. तापलेला रस त्याला टेकताच झटकन निवतो आणि तेवढे टोक अतिशय कठीण बनते. बाकीचा भाग वाळूत सावकाश थंड होतो व चिवट राहतो.

नांगराचा जम बसू लागला, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे, माणसे आणि संसार घेऊन जायचे कोठे? त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात एका इमारतीचे काम होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही अडचण ओळखली. त्यांनी कुंडल रोड या रेल्वेस्थानकाजवळची जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन ३२ एकर होती, परंतु ओसाड. निवडुंगाची दाट बेटे आणि त्यांत नागांचा वावर. १९१० मध्ये पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. निवडुंग तोडला गेला, छपरे उभी राहिली, भट्टी पेटली. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे काम करता करता उत्तम यंत्रज्ञ झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर जी माणसे नेमली, त्यांत तुरुंगवास भोगून आलेलेही होते. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनी तो राखला. अस्पृश्यतेला या वस्तीत थारा नव्हता.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईना. लोखंड मिळेनासे झाले. नांगराला मागणी होती, पण ओतायला धातूच नव्हता. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीस आले. त्यांनी आपल्या संस्थानातील पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि नांगर होऊन शेतात गेल्या.

पुढे रहाट, पंप आणि उसाचे चरक अशी अनेक यंत्रे तेथे तयार झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. तोपर्यंत कुंडल रोड स्थानकाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव येऊन कितीतरी वर्षे लोटली होती.