आठ रुपयांची इंग्रजी : कागलच्या शाळेतून दिल्लीश्वरांच्या कौन्सिलात

प्रवेश परीक्षांचा हंगाम आला की सीमाभागातल्या घरांत इंग्रजीची धास्ती सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून शिकलेली पोरं गणितात अडत नाहीत, पण आर्टिकल, प्रिपोझिशन आणि समानार्थी शब्दांपाशी गाडी रुतते. ही धास्ती आजची नव्हे. निपाणीहून कोगनोळी ओलांडली की लागणाऱ्या कागलमधून दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगा याच वाटेनं निघाला होता. पुढं त्याच्या इंग्रजीची दखल व्हाइसरॉयला घ्यावी लागली. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. पण बालपण गेलं कागलात. वडील कृष्णराव कागलच्या जहागिरीत आधी कारकून आणि मग फौजदार होते. पगार बेताचा, घरात दोन मुलगे आणि चार मुली. गोपाळचं सुरुवातीचं शिक्षण कागलच्या शाळेत झालं. पुढं इंग्रजी शिकायला तो आणि थोरला भाऊ गोविंद असे दोघे कोल्हापूरला गेले.

1879 मध्ये वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा. चुलते अंताजीपंतांनी बाकीच्या कुटुंबाला कोकणात ताम्हणमळ्याला नेलं. प्रश्न उरला दोन मुलांच्या शिक्षणाचा. दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. अठरा वर्षांच्या गोविंदानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि कागलात महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवायचा. उरलेल्या सात रुपयांत बाकी सगळं. हा हिशेब गोपाळ जन्मभर विसरला नाही.

आठ रुपयांत राहायचं, जेवायचं, फी आणि पुस्तकं भागवायची. गोपाळ हातानं स्वयंपाक करायचा. एक आठवण त्याच्या चरित्रांतून नेहमी येते. एका सधन मित्रानं त्याला नाटकाला नेलं. गोपाळला वाटलं, मित्रच तिकीट काढतोय. काही दिवसांनी मित्रानं दोन आणे मागितले. गोपाळ काही बोलला नाही. पैसे दिले आणि ते भरून काढायला दिव्याच्या तेलात काटकसर केली. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला.

मॅट्रिक म्हणजे तेव्हाची प्रवेश परीक्षा

तेव्हाची मॅट्रिक ही नुसती शाळेची शेवटची परीक्षा नव्हती. ती मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. विद्यापीठ 1857 चं, पहिली मॅट्रिक 1859 ची. न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नसे आणि ती होण्यासाठी इंग्रजी लागेच. घरात इंग्रजीचा शब्द नाही, गावात बोलणारा कुणी नाही, अशा मुलांपुढं एकच उपाय असायचा, तो म्हणजे पाठांतर. व्याकरणाचे नियम पाठ, शब्दांचे अर्थ पाठ, उतारेच्या उतारे पाठ.

गोपाळ 1881 साली पंधराव्या वर्षी मॅट्रिक झाला. आता बास, नोकरी बघावी, असा विचार घरात निघाला. त्या वेळी वहिनीनं स्वतःचे दागिने पुढं केले आणि गोपाळ कॉलेजात गेला. आधी कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मग पुण्याचं डेक्कन आणि शेवटच्या वर्षाला मुंबईचं एल्फिन्स्टन. तिथं त्याला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1884 मध्ये अठराव्या वर्षी तो बी. ए. झाला.

कॉलेजातही पाठांतर सुटलं नाही. स्कॉटचं रोकबी हे लांबलचक काव्य त्यानं तोंडपाठ केलं होतं. बर्कचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तकही त्याला जवळजवळ पाठ होतं. बरोबरीच्या पोरांना याची गंमत वाटायची. पण ज्याच्या कानावर घरीदारी ती भाषा पडत नाही, त्याला वाक्याची घडण कानात बसवायला दुसरा मार्ग नव्हता.

शब्दाचा अर्थ शोधायला गोदीत

1885 च्या सुमारास गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. जोडीला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचे वर्गही घेत. पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन ते फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो त्यांनी शिकवला. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर पिढ्यान्‌पिढ्या शाळांत चाललं.

इथं त्यांच्या इंग्रजीनं वळण घेतलं. साउदीनं लिहिलेलं नेल्सनचं चरित्र वर्गाला नेमलेलं होतं. त्यात जहाजाच्या शिडांचे, दोरांचे, डोलकाठ्यांचे कितीतरी शब्द. कोशात बघून अर्थ सांगता आला असता. पण गोखले मुंबईच्या गोदीत गेले, जहाजं पाहिली आणि कोणत्या वस्तूला काय म्हणतात ते समजून घेऊन आले, अशी आठवण सांगतात. पाठांतरानं शब्द तोंडात येतो, पण त्यामागची वस्तू माहीत नसेल तर तो पोरांना शिकवता येत नाही, हे त्यांना शिक्षक झाल्यावर उमगलं.

दुसरी शाळा रानड्यांची. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम करताना गोखल्यांनी रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं सरकारी अहवाल वाचले, आकडे काढले, अर्जांचे मसुदे लिहिले. रानडे मसुदा तपासत, कच्चा असेल तर परत देत. आगरकरांच्या सुधारकात इंग्रजी मजकुराची बाजूही गोखल्यांनी सांभाळली. मॅट्रिकसाठी घोकलेलं व्याकरण असं रोजच्या लिहिण्यातून अंगवळणी पडलं.

1897 मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढं त्यांची साक्ष झाली. हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल आयोगानं उलटसुलट विचारलं, गोखले आकड्यांनिशी टिकले. पण त्याच दौऱ्यात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांवर जाहीर आरोप केले. ते शाबीत करता येईनात, तेव्हा परत आल्यावर त्यांनी उघड माफी मागितली. लोकांनी खूप बोल लावले. यापुढं पुराव्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही, ही शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली.

तिचं फळ 1902 च्या मार्चमध्ये दिसलं. व्हाइसरॉय कर्झनच्या कौन्सिलात बजेटवर त्यांचं पहिलं भाषण झालं. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होतं. गरिबांच्या मिठावर जादा कर असताना ही शिलक भूषणाची नाही, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडलं. पुढच्याच वर्षी मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणानं हे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण दरवर्षीच्या बजेटच्या वेळी सरकारला त्यांच्या उत्तराची तयारी करून यावं लागे.

जे आपल्याला मिळालं ते सगळ्यांना

1911 मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना सहा ते दहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं करता यावं आणि महिना दहा रुपयांच्या आत कमावणाऱ्या पालकाकडून फी घेऊ नये, असं त्यात होतं. भाऊ पंधरा रुपयांतले आठ पाठवत होता म्हणून एक गोपाळ शिकला. ज्याला असा भाऊ नाही त्याचं काय, या प्रश्नाला हे विधेयक म्हणजे उत्तर होतं. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं.

त्याच वर्षाअखेर ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गोऱ्यांपुढं इंग्रजीत बोलायचं असलं की ते एकेक शब्द तोलून तयारी करत. पण हिंदी लोकांच्या सभांत त्यांनी मराठीत बोलावं, असा गांधीजींनी आग्रह धरला. हिंदुस्थानीत भाषांतर स्वतः गांधीजींनी करायचं ठरलं. गांधीजींच्या मराठीची गोखल्यांनी थट्टा केली, पण ते मराठीत बोलले. समोरच्यांत कोकणातून गेलेली मुसलमान मंडळीही होती. भाषांतर होण्याआधीच त्यांना सगळं कळत होतं.

19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात गोखले वारले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्यांनी मागितलेलं सक्तीचं आणि मोफत शिक्षण देशभर मुलांचा हक्क म्हणून कायद्यानं लागू झालं ते 1 एप्रिल 2010 पासून, म्हणजे विधेयक पडल्यावर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.